जॅझ स्टँडर्ड पाठ कसं करावं? ('ऑटम लीव्ह्ज' धरून सविस्तर)

पांढरी_पाच

जॅझ शिकणाऱ्यांची गाडी बहुतेक एकाच जागी अडते. गाण्यांचं जाडजूड पुस्तक समोर उघडायचं, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाचत ३२ बार (चार-चार मात्रांचे खंड) पार करायचे, मग पुढचं पान. वर्षभरात पन्नास गाणी 'वाजवून' होतात, पण पुस्तक मिटलं की त्यातलं एकही हाताशी राहत नाही. जॅम सेशनला (तालमीशिवाय एकत्र वाजवायच्या बैठकीला) कोणी गाण्याचं नाव घेतलं की मोबाइल शोधावा लागतो आणि डोळे पडद्याला चिकटले की कान बंद होतात. म्हणून हा धागा: कमी गाणी, पण कायमची, कशी पाठ करायची.

स्टँडर्ड म्हणजे काय ते आधी थोडक्यात. साधारण १९२० ते १९५० च्या काळातली अमेरिकन नाटकांतली आणि चित्रपटांतली गाणी, शिवाय जॅझ वादकांनी स्वतः बांधलेल्या रचना. सगळ्यांना सामाईक असलेला हा साठा. अनोळखी चार जण एका मंचावर येऊन तालमीशिवाय वाजवू शकतात ते याच्याच जोरावर.

उदाहरणाला 'ऑटम लीव्ह्ज' घेतो. मूळ फ्रेंच गाणं, संगीत जोसेफ कोस्मा, शब्द जाक प्रेव्हेर, इंग्रजी शब्द नंतर जॉनी मर्सरचे. जॅममध्ये बहुतेक वेळा जी मायनरमध्ये वाजतं, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाच.

पहिली पायरी, ऐकणं. निदान आठवडाभर वाद्याला हात न लावता. एकच रेकॉर्डिंग नको, तीन घ्या: एक गायलेलं, एक कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि माइल्स डेव्हिसचं १९५८ चं, एक बिल एव्हन्सच्या त्रिकुटाचं १९५९ चं. अ‍ॅडर्लीच्या रेकॉर्डिंगची सुरुवातीची लांबलचक धून ही वेगळी बांधलेली प्रस्तावना आहे. तिला गाणं समजून पाठ करणारे बरेच भेटतात.

दुसरी पायरी, चाल गळ्यात बसवणं. सा = जी धरा. पहिल्या आठ बारमध्ये चार तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यात तीन स्वर पायरी-पायरीने चढतात आणि चौथ्या, लांब स्वरावर उडी मारून थांबतात. ते चार लांब स्वर क्रमाने असे: कोमल ध, प, म, कोमल ग. सरळ उतरती ओळ. चौथ्या तुकड्यात मात्र चढताना मंद्रातले शुद्ध ध आणि शुद्ध नि लागतात. तिथे कोमल लावले की गाणं लगेच बेचव होतं. हा तुकडा दहादा वेगळा गा.

आता सगळ्यात जास्त जण चुकतात ती जागा. सम पहिल्या स्वरावर नाही. तीन स्वर आधीच्या बारच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात आणि 'एक' पडतो तो कोमल धैवतावर. बंदिशीचा मुखडा समेआधी उचलतात, अगदी तसंच. पहिल्या स्वराला 'एक' धरणारा माणूस पूर्ण गाणंभर तीन मात्रा पुढे राहतो आणि बेसवाला चुकतोय असं त्याला वाटत राहतं.

तिसरी पायरी, मूळ स्वर. चाल गात-गात फक्त कॉर्डचा मूळ स्वर वाजवायचा: सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए, डी, जी. एकेका बारला एक, सातवा जी दोन बार. हे आठ बार दोनदा. मग दुसरा भाग: ए, डी, जी, जी, सी, एफ, बी फ्लॅट, बी फ्लॅट. नीट पाहा, इथे नवीन काही नाही. आधीचेच दोन तुकडे जागा बदलून आले आहेत, मायनर आधी, मेजर नंतर. हे एकदा लक्षात आलं की ३२ पैकी २४ बार पाठ झालेच.

शेवटच्या आठांत ए, डी, मग २७ व्या आणि २८ व्या बारमध्ये दोन-दोन कॉर्ड उतरत जातात, आणि पुन्हा जी मायनरला मुक्काम. त्या दोन बारमध्ये प्रत्येक रेकॉर्डिंग वेगळं वागतं. कोणी जी मायनर-सी सेव्हन, एफ मायनर-बी फ्लॅट सेव्हन घेतात, कोणी अर्ध्या-अर्ध्या स्वराने जी, जी फ्लॅट, एफ, ई असे उतरतात. दोन्ही बरोबर. शेजारी कोण काय घेतंय ते ऐकून जुळवून घ्यायचं.

चौथी पायरी गाइड टोन. त्यावर सविस्तर प्रतिसाद आले तर बरं, कारण ते वाद्यागणिक बदलतं.

---

सहा_तारा

वाचनखूण साठवली. गिटारसाठी गाइड टोन लिहितो.

गाइड टोन म्हणजे कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर. कॉर्ड मेजर, मायनर की डॉमिनंट हे तेच दोघे ठरवतात, बाकीचे नसले तरी चालतं. गिटारवर एका बोटाने सहाही तारा दाबून धरायचे भरगच्च कॉर्ड सोडून द्या. मूळ स्वर जाड तारांवर, गाइड टोन चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर, एवढंच (तारेपुढचा आकडा म्हणजे फ्रेटचा क्रमांक):

सी मायनर सेव्हन: सहावी तार ८, चौथी ८, तिसरी ८.
एफ सेव्हन: पाचवी ८, चौथी ७, तिसरी ८.
बी फ्लॅट मेजर सेव्हन: सहावी ६, चौथी ७, तिसरी ७.
ई फ्लॅट मेजर सेव्हन: पाचवी ६, चौथी ५, तिसरी ७.
ए हाफ डिमिनिश्ड: सहावी ५, चौथी ५, तिसरी ५.
डी सेव्हन: पाचवी ५, चौथी ४, तिसरी ५.
जी मायनर सेव्हन: सहावी ३, चौथी ३, तिसरी ३.

आता मूळ स्वर सोडा आणि फक्त चौथी-तिसरी तार वाजवा. दर कॉर्डला एकच बोट सरकतं, दुसरं जागेवर राहतं (फक्त दुसऱ्या कॉर्डनंतर आणि तत्सम जागी तेच काम आलटून-पालटून). तिसऱ्या तारेवरची ओळ ई फ्लॅट, ई फ्लॅट, डी, डी, सी, सी, बी फ्लॅट. मूळ धाग्यातली उतरती ओळ आठवा: कोमल ध, प, म, कोमल ग. तीच ही. म्हणजे चालीचे लांब स्वर हेच गाइड टोन आहेत. गाणाऱ्याने धरलेला कोमल ध पहिल्या बारमध्ये सी मायनरचा तिसरा स्वर असतो आणि दुसऱ्यात न हलता एफ सेव्हनचा सातवा होतो. या गाण्याची सगळी गोडी तिथे आहे, आणि म्हणूनच नवशिक्यांना हे आधी देतात.

ए हाफ डिमिनिश्डमध्ये कोमल पंचम, म्हणजे ई फ्लॅट, वरच्या आकारात नाही. बेसवाला असेल तर चालून जातं. एकट्याने वाजवत असाल तर दुसऱ्या तारेवर ४ धरून तो घाला.

---

कळफलक

पियानोवाल्यांसाठी हीच गोष्ट डाव्या हातात, मूळ स्वर न घेता:

सी मायनर: ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, डी.
एफ सेव्हन: ई फ्लॅट, जी, ए, डी.
बी फ्लॅट मेजर: डी, एफ, ए, सी.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फक्त बी फ्लॅट खाली ए ला येतो. हात उचलायचाच नाही. हे मधल्या सी च्या आसपास वाजवा. त्याच्या खालच्या सी जवळ गेलात की सगळं गढूळ होतं आणि बेसच्या पट्ट्यात घुसतं. बेसवाला हजर असताना डाव्या हाताने मूळ स्वर ठोकत राहणं ही पियानोवाल्यांची सगळ्यात त्रासदायक सवय.

हार्मोनियमवरून आलेल्यांना एक गोष्ट जपून करावी लागते: सुरांना धरून ठेवायची सवय. कंपिंगमध्ये (कॉर्डांनी साथ करताना) कॉर्ड आखूड, आणि दोन कॉर्डांमध्ये मोकळी जागा हवी. पॅडल तर सुरुवातीचे काही महिने वापरूच नये.

आणि कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या बटणाला हात लावू नका, ही कळकळीची विनंती. साथ करताना ते बटण पोटापाण्याचं आहे, मान्य. पण स्टँडर्ड शिकताना पट्टी बोटांनी बदलायची. गायिका आली की पट्टी हमखास बदलते, आणि बटणावर वाढलेल्या बोटांना पांढरी पाचमधलं गाणं काळी एकमध्ये दिसतच नाही.

---

मंद्र_सप्तक

@सहा_तारा, 'एकच बोट सरकतं' हे तपासून लिहा. दुसऱ्यातून तिसऱ्या कॉर्डवर जाताना चौथी तार ७ वर तशीच राहते, तिसरी ८ वरून ७. तिसऱ्यातून चौथ्यावर तिसरी तशीच, चौथी ७ वरून ५. म्हणजे दर वेळी एकच सरकतं, फक्त शेवटी डी सेव्हनवरून जी मायनरला दोन्ही सरकतात. कंसातला अपवाद नाहीच. आलटून-पालटून सरकतं, एवढंच.

बेसबद्दल: चालीच्या वेळी बारला दोनच स्वर, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. सोलो (एकाचं स्वतःच्या मनाने वाजवणं) सुरू झाला की चार. नवशिके पहिल्यापासून चार मारतात, मग पुढे चढायला जागाच उरत नाही. वॉकिंगसाठी (दर मात्रेला एक स्वर अशा चालत्या बेससाठी) सुरुवातीला एकच नियम पुरे: एकवर मूळ स्वर, चारवर पुढच्या मूळ स्वराच्या अर्धा स्वर वर किंवा खाली. सी मायनरवरून एफ ला जाताना सी, ई फ्लॅट, जी, जी फ्लॅट, आणि एफ. एफ वरून बी फ्लॅटला एफ, ए, सी, ए, आणि बी फ्लॅट. एवढ्यावर अख्खं गाणं निभतं.

---

सहा_तारा

@मंद्र_सप्तक, बरोबर. तो कंस रद्द समजावा.

---

रीड_नं_अडीच

सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांचा घोळ कोणी लिहिलाच नाही. कोणी 'जी मायनर' म्हणालं की ते पियानोचं जी मायनर. या वाद्यांवर लिहिलेला स्वर पियानोपेक्षा वेगळा वाजतो, म्हणून टेनर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटने ते ए मायनरमध्ये वाजवायचं, ऑल्टोने ई मायनरमध्ये. हे मनात बदलत बसू नका. गाणं थेट तुमच्या वाद्याच्या पट्टीत पाठ करा, आणि पियानोचं नाव फक्त बोलण्यापुरतं ठेवा. काही छापील प्रतींत हे गाणं ई मायनरमध्ये आहे. ऑल्टोवाल्याने ती प्रत जशीच्या तशी वाजवली की बाहेर जी मायनरच येतं आणि सगळं जमतं. टेनरवाल्याने वाजवली तर मात्र डी मायनर ऐकू येतं आणि मंचावर गोंधळ उडतो.

जॅममध्ये पट्टी बोटांनी दाखवायची पद्धत आहे: खाली केलेली बोटं म्हणजे तितके फ्लॅट, वर केलेली म्हणजे तितके शार्प. जी मायनर आणि बी फ्लॅट मेजर, दोघांना दोन बोटं खाली.

---

आवर्तन१२८

तालाबाजूने थोडं. ३२ बार गुणिले ४, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. त्याला कोरस म्हणतात. ठेका धरणाऱ्याला टाळी-खाली नाही, पण कुठे आहोत हे कळायला खुणा आहेत. दर आठ बारच्या शेवटी ड्रमवाला छोटं भरण करतो, ते ऐकायची सवय लावा.

भटकण्याच्या जागा गाण्याच्या बांधणीवर ठरतात. 'ऑटम लीव्ह्ज'मध्ये पहिला भाग दोनदा येतो, आणि तिथे लोक तो तिसऱ्यांदा वाजवतात. अ-अ-ब-अ बांधणीच्या (एक भाग दोनदा, मग वेगळा, मग पुन्हा पहिला) गाण्यांत याहून अवघड जागा असते: एका कोरसचा शेवटचा अ आणि पुढच्याचे पहिले दोन, असे सलग तीन अ येतात. कितवा चाललाय हे हमखास विसरतं. उपाय: सोलोत काहीही वाजवा, पण ब भागाच्या पहिल्या बारमध्ये मुद्दाम मूळ चालीचा तुकडा घ्या. स्वतःलाही खूण, बाकीच्यांनाही.

मेट्रोनोमबद्दल: १२० च्या लयीसाठी तो ६० वर लावा आणि त्याचा ठोका दोन आणि चारवर पडतोय असं धरा. आपल्याला सवय समेवर जोर द्यायची, त्यामुळे पहिले काही दिवस तो ठोका आपोआप 'एक-तीन' होतो. झाला की थांबा, तोंडाने 'एक' म्हणा, ठोक्यावर 'दोन', आणि मग वाद्य. हे बसेपर्यंत लय वाढवण्यात अर्थ नाही.

स्विंगला (मात्रेतला पहिला स्वर लांब, दुसरा आखूड) पाऊण-पाव असं तुटक वाजवणं ही दुसरी चूक. संथ लयीत मात्रेतल्या त्या दोन स्वरांचं प्रमाण साधारण २:१ पडतं. लय जितकी चढते तितकं ते समान होत जातं. स्वर जोडलेले, आणि हलका जोर मात्रेमधल्या स्वरावर. हे लिहून समजत नाही. एखाद्या सोलोचे आठ बार ७५ टक्के वेगाने लावून त्यासोबत गायलं की समजतं.

---

शिकाऊ_उमेदवार

प्रश्न: बॅकिंग ट्रॅकच्या अ‍ॅपवर रियाज केला तर चालेल का? आणि पहिली दहा गाणी कोणती?

---

पांढरी_पाच

अ‍ॅप चालेल, पण शेवटच्या टप्प्यात. तो कधीच भटकत नाही आणि तुम्ही भटकलात तरी तुमच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे आवर्तन धरून ठेवायचं काम तो करतो आणि तुमच्या डोक्याला ते करावंच लागत नाही. तपासायचा मार्ग: फक्त मेट्रोनोम, दोन आणि चारवर, आणि एकट्याने तीन कोरस. ऐकणाऱ्याला कॉर्ड न ऐकता गाणं ओळखू आलं पाहिजे. तेवढं झालं की अ‍ॅप लावा, पण पडदा उलटा ठेवून.

दहा गाण्यांचा क्रम असा सुचवेन. 'सी जॅम ब्लूज', चालीत दोनच स्वर, त्यामुळे सगळं लक्ष १२ बारच्या बांधणीवर. मग 'ब्लू बॉसा', १६ बार, सी मायनर, नवव्या ते बाराव्या बारमध्ये डी फ्लॅट मेजरला जाऊन परत. (केनी डॉरहॅम हा अमेरिकन ट्रम्पेटवादक त्याचा रचनाकार. ताल ब्राझीलचा आहे, स्विंग करायचं नाही.) मग 'ऑटम लीव्ह्ज'. मग 'सो व्हॉट', कारण दोनच कॉर्ड. मग 'टेक द ए ट्रेन', एफ मध्ये एक ब्लूज, 'देअर विल नेव्हर बी अनदर यू', 'आय गॉट रिदम' या गाण्याची बांधणी, एक संथ गाणं, आणि दहावं 'ऑल द थिंग्ज यू आर'.

---

मंद्र_सप्तक

'सो व्हॉट' चौथं? असहमत. दोन कॉर्ड म्हणून ते सोपं वाटतं, पण ३२ पैकी २४ बार एकाच डी डोरियन या स्वरसप्तकावर आहेत. खुणेला कॉर्ड बदलतच नाही, त्यामुळे नवशिका आठव्या बारला हमखास हरवतो. शिवाय सोलोत सांगायला काही नसेल तर ते लगेच उघडं पडतं. कॉर्ड बदलत राहिले की तेच हात धरून नेतात. मी ते आठव्या नंबरवर ठेवीन.

रिदमची बांधणी मात्र लवकर घ्या. बी फ्लॅटमध्ये, आणि ब भाग डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन, प्रत्येकी दोन बार. ही एक बांधणी पाठ झाली की तिच्यावर बेतलेल्या डझनावारी रचनांची फक्त चाल शिकायची उरते. जुन्या गाण्याच्या कॉर्डवर नवी चाल बांधायची रीतच होती.

---

पांढरी_पाच

@मंद्र_सप्तक, पटलं. क्रमात बदल करतो: 'सो व्हॉट' आठवं, रिदम पाचवं.

---

कळफलक

'ऑल द थिंग्ज यू आर' शेवटी ठेवलं ते योग्य. जेरोम कर्नचं १९३९ चं गाणं, ३६ बारचं, पाच पट्ट्यांतून फिरतं: ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी, ई. पण घाबरायचं कारण नाही, तिथेही चालीचे लांब स्वर बहुतांशी कॉर्डचे तिसरेच आहेत. 'ऑटम लीव्ह्ज'वर हे कानाने ओळखायला शिकलेल्याला तिथे आधार मिळतो.

---

मडगाव_टू_धोबीतलाव

एक भर. धाग्यात पुस्तकाविरुद्ध जरा जास्तच सूर लागलाय. वाचन येणं वाईट नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज (स्वरनामं गाऊन नोटेशन वाचणं) शिकलेल्या वादकांनीच मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड उभे केले, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचाही कणा तेच होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ताजमध्ये वाजवत आणि सी. रामचंद्रांसोबत कामही करत. नोटेशन वाचता येत होतं म्हणूनच हे दोन्हीकडे शक्य झालं. फरक कागदात आहे. वाद्यवृंदाचा कागद पूर्ण असतो, लिहिलंय तेवढंच वाजवायचं. स्टँडर्डचा कागद म्हणजे नुसता सांगाडा: चाल आणि कॉर्डची नावं.

शिवाय तो सांगाडाही चुकीचा असू शकतो. 'रिअल बुक' हे सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय उतरवून फोटोकॉपीने पसरवलं. कायदेशीर आवृत्ती २००४ ला आली. मधली तीस वर्षं त्यातल्या चुकाही पाठ होत राहिल्या. म्हणून कागद जरूर घ्या, पण रेकॉर्डिंग लावून पेन्सिलने दुरुस्त करत जा, आणि दुरुस्ती झाली की बाजूला ठेवा.

---

शिकाऊ_उमेदवार

एक गाणं पाठ व्हायला किती दिवस धरावे? रोज ४०-४५ मिनिटं मिळतात.

---

पांढरी_पाच

पहिल्या तीन गाण्यांना प्रत्येकी तीन-चार आठवडे. पहिला आठवडा फक्त ऐकणं आणि गाणं. दुसऱ्यात चाल वाद्यावर आणि मूळ स्वर, १० मिनिटं हे, १० मिनिटं ते, उरलेला वेळ ऐकणं. तिसऱ्यात गाइड टोन, आणि सोलोची सुरुवात गाइड टोनवरूनच: आधी बारला एक स्वर, मग दोन, मग त्यांना जोडणारे. थेट स्केल वर-खाली पळवू नका, ते रियाजासारखंच ऐकू येतं. चौथ्या आठवड्यात दुसरी पट्टी, आधी सी मायनर, मग डी मायनर.

सरगम इथे फार उपयोगी पडते. सा हलवला की कोमल ध, प, म, कोमल ग तेच राहतात. मात्र मधे बी फ्लॅट मेजरला मुक्काम आला म्हणून सा तिकडे सरकवू नका. पूर्ण गाणंभर एकच सा.

चौथ्या गाण्यापासून वेळ अर्ध्यावर येतो, कारण तुकडे तेच असतात. आणि जुनी गाणी दर आठवड्याला एकेकदा वाजवत राहा, नाहीतर पाचवं येईतो पहिलं गेलेलं असतं.

---

रीड_नं_अडीच

सुरुवात आणि शेवटही पाठ करा, त्याच दोन जागी बँड कोसळतो. ठरलेली प्रस्तावना नसेल तर शेवटचे आठ बार पियानोला वाजवू द्या आणि मग चाल उचला. सोलो संपवून चालीवर परतायचं असेल तर डोक्यावर हात ठेवायची खूण चालते, पण ती कोरस संपायच्या निदान चार बार आधी. शेवटच्या बारमध्ये केली तर ड्रमवाल्याला दिसत नाही.

समाप्तीला शेवटचे चार बार तीनदा घ्यायचे, तिसऱ्यांदा शेवटचा स्वर लांबवायचा. 'ऑटम लीव्ह्ज'मध्ये तिसऱ्या फेरीला जी मायनरला थेट न पोचता डी सेव्हनवर सगळे थांबतात, चाल वाजवणारा एकटा शेवटचा तुकडा सावकाश घेतो आणि मान हलवून सगळ्यांना सोबत जी मायनरवर उतरवतो. त्या थांब्यात ड्रमवाल्याकडे पाहायचं, कागदाकडे नाही.